विश्लेषण : ‘डी मॉर्गनचे नियम’ देणारे डी मॉर्गन कोण होते? मदुराईत जन्मलेल्या गणितशिक्षकाच्या दोन राजीनाम्यांची गोष्ट

अकरावी-बारावीला गणित घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ‘डी मॉर्गनचे नियम’ या शब्दांशी गाठ पडते. संचांच्या धड्यात एकदा, तर्कशास्त्राच्या धड्यात पुन्हा. पुढे संगणकशास्त्राला गेलात तर तिसऱ्यांदा. नियम दोन ओळींचे, परीक्षेत हमखास गुण देणारे. त्यामुळे ते पाठ होतात आणि ज्याच्या नावाने ते ओळखले जातात तो माणूस मात्र विसरला जातो. ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म भारतात झाला होता, तीन दशकांहून अधिक काळ ते विद्यार्थ्यांना बीजगणित आणि तर्कशास्त्र समजावून सांगत राहिले आणि एकाच महाविद्यालयातून दोनदा त्यांनी तत्त्वासाठी राजीनामा दिला. गणितातील ‘का?’ हा प्रश्न त्यांनी कधी टाळला नाही. त्यांच्या आयुष्याचा आणि त्यांनी सोप्या केलेल्या संकल्पनांचा हा आढावा.

जन्म मदुराईचा, मग ते इंग्लंडला कसे पोहोचले?

डी मॉर्गन यांचा जन्म २७ जून १८०६ रोजी मदुराई येथे झाला. वडील जॉन डी मॉर्गन ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मूल सात महिन्यांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतले. वडिलांचे भारतात येणे-जाणे चालूच राहिले आणि १८१६ मध्ये भारतातून परतीच्या प्रवासात असताना सेंट हेलेना येथे त्यांचे निधन झाले. ऑगस्टस तेव्हा दहा वर्षांचा होता.

आईकडून मात्र गणिताचा वारसा होता. आईचे आजोबा जेम्स डॉडसन यांनी अठराव्या शतकात प्रतिलॉगॅरिदमची कोष्टके तयार केली होती. तरीही मुलाची गणिताची ओढ लक्षात यायला वेळ लागला. एका डोळ्याने दिसत नसल्याने मैदानी खेळांत त्याला भाग घेता येत नसे आणि शाळेतील मुले त्याची चेष्टा करत. चौदाव्या वर्षी तो पट्टी आणि कंपास घेऊन युक्लिडच्या पुस्तकातील एक आकृती सुबकपणे काढत बसला होता. घरी आलेल्या एका परिचिताने ते पाहिले आणि भूमिती म्हणजे सुबक आकृत्या काढणे नव्हे, तर एका विधानावरून दुसरे विधान सिद्ध करत जाणे होय, हे त्याला समजावले. सिद्धता या गोष्टीशी त्याची ती पहिली ओळख. पुढचे सारे आयुष्य त्या ओळखीवर उभे राहिले.

हुशार विद्यार्थ्याला केंब्रिजमध्ये जागा का मिळाली नाही?

१८२३ मध्ये डी मॉर्गन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. जॉर्ज पीकॉक आणि विल्यम ह्यूएल यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. ते बासरी उत्तम वाजवत, अवांतर वाचन अफाट करत. परीक्षेसाठी लागणारी घोकंपट्टी त्यांना मानवणारी नव्हती. १८२७ च्या पदवी परीक्षेत ते चौथे आले.

त्यापुढची वाट साधारण ठरलेली असे : एम.ए. व्हायचे, कॉलेजची फेलोशिप मिळवायची आणि अध्यापनात स्थिरावायचे. पण त्या काळी केंब्रिजमध्ये एम.ए.ची पदवी घेताना चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममतांना मान्यता देणारी सही करावी लागे. डी मॉर्गन श्रद्धाळू होते, पण श्रद्धेच्या बाबतीत कोणत्याही संस्थेसमोर सही करायला तयार नव्हते. त्यांनी सही केली नाही. फेलोशिपचा मार्ग तिथेच बंद झाला. वकिली शिकण्यासाठी ते लंडनला आले.

योग असा की, नेमके त्याच सुमारास लंडनमध्ये कोणतीही धार्मिक अट नसलेले नवे विद्यापीठ सुरू होत होते. आज ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणून ओळखले जाते. १८२८ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, डी मॉर्गन तिथे गणिताचे प्राध्यापक म्हणून निवडले गेले. तोपर्यंत त्यांच्या नावावर गणिताचे एकही पुस्तक नव्हते.

पहिला राजीनामा कशासाठी?

नोकरीला तीन वर्षेही झाली नव्हती. १८३१ मध्ये विद्यापीठाच्या व्यवस्थापनाने शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक ग्रॅनव्हिल पॅटिसन यांना पुरेसे कारण न देता पदावरून दूर केले. पॅटिसन यांच्या शिकवण्याविषयी तक्रारी होत्या. पण प्राध्यापकाला बाजू मांडू न देता काढून टाकता येत असेल तर कोणीच निर्धास्तपणे शिकवू शकणार नाही, अशी डी मॉर्गन यांची भूमिका होती. वाद आपला नव्हता, विषयही आपला नव्हता. तरी त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या जागी आलेले प्राध्यापक व्हाइट १८३६ मध्ये बुडून मरण पावले. वर्ग अधांतरी राहू नयेत म्हणून डी मॉर्गन मदतीला धावले आणि प्राध्यापकांच्या संरक्षणाचे नियम बदलल्याची खात्री पटल्यावर पुन्हा रुजू झाले. यानंतर ते तीस वर्षे तिथेच शिकवत होते.

मधली पाच वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या आणि लेखनावर काढली. १८३१ सालीच त्यांचे गणिताचा अभ्यास आणि त्यातील अडचणी या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्ञान स्वस्तात लोकांपर्यंत नेणाऱ्या एका संस्थेने ते काढले होते. शिकणारा नेमका कुठे अडखळतो, हे ओळखून लिहिलेले ते पुस्तक आजही वाचनीय आहे.

उत्तर ‘उणे दोन वर्षे’ आले तर काय समजायचे?

त्या पुस्तकातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. वडिलांचे वय ५६, मुलाचे २९. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल? ती वर्षे क्ष मानू. मग समीकरण असे :

५६ + क्ष = २ × (२९ + क्ष)

उजवीकडचा कंस सोडवला की ५८ + २क्ष मिळते. दोन्हीकडून क्ष वजा केला की ५६ = ५८ + क्ष, म्हणजे क्ष = –२.

उणे दोन वर्षांनी? नवशिका इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. आपले गणित चुकले असे समजून तो पान फाडतो, किंवा अर्थ न बघता उत्तराखाली दोन रेघा मारतो. डी मॉर्गन तिसरा मार्ग दाखवतात : उत्तर घेऊन प्रश्नाकडे परत जा. आपण ‘किती वर्षांनी’ असे विचारले होते. उणे चिन्ह सांगते की, विचारायला हवे होते ‘किती वर्षांपूर्वी’. दोन वर्षांपूर्वी वडील ५४ वर्षांचे होते आणि मुलगा २७ वर्षांचा. अट तंतोतंत जुळते. समीकरण बरोबर होते, आपल्या प्रश्नाची दिशा उलटी होती.

आज आपल्याला ऋण संख्यांचे काही वाटत नाही. तापमान, बँकेतील ओव्हरड्राफ्ट, इमारतीचे तळघर, सगळीकडे त्या दिसतात. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा वादाचा विषय होता आणि तो वाद डी मॉर्गन यांच्या घरापर्यंत आलेला होता. १८३७ मध्ये त्यांचे लग्न सोफिया फ्रेंड यांच्याशी झाले. सोफिया यांचे वडील विल्यम फ्रेंड हे स्वतः बीजगणितावरील पुस्तकाचे लेखक आणि ऋण संख्या हा प्रकारच न मानणारे! लहान संख्येतून मोठी संख्या वजा करणे निरर्थक आहे, असे त्यांचे मत होते. हेच फ्रेंड धर्मविषयक मतांमुळे केंब्रिजमधून बाहेर पडावे लागलेले गृहस्थ होते. त्यामुळे सासरे-जावयाचे सूर स्वातंत्र्याच्या प्रश्नावर जुळले, बीजगणिताच्या प्रश्नावर नाही.

मग बीजगणित म्हणजे नेमके काय?

फ्रेंड यांची हरकत पोकळ नव्हती. ‘संख्या म्हणजे वस्तूंची मोजणी’ अशी व्याख्या धरली तर तीन आंब्यांतून पाच आंबे काढता येत नाहीत, हे खरेच. डी मॉर्गन आणि त्यांचे गुरू पीकॉक यांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली. बीजगणितात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या : चिन्हे कोणत्या नियमांनी वागतात ही एक आणि त्या चिन्हांचा अर्थ काय ही दुसरी.

बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. उंट तिरका चालतो, हत्ती सरळ. हे नियम पाळले की डाव खेळता येतो. सोंगट्या लाकडाच्या की हस्तिदंताच्या, याने काही बिघडत नाही. तसेच ‘अ + ब आणि ब + अ समान’, ‘अ गुणिले (ब + क) म्हणजे अब + अक’ हे नियम आधी मांडायचे. मग त्या चिन्हांच्या जागी आंबे, अंतरे, कर्ज आणि जमा, यांपैकी जे नियम पाळेल ते ठेवायचे. ऋण संख्या आंब्यांना लागू पडत नसेल, पण दिशेसह मोजलेल्या अंतराला पडते. पूर्वेकडे तीन किलोमीटर आणि मग पश्चिमेकडे पाच किलोमीटर चालणारा माणूस मूळ जागेच्या दोन किलोमीटर पश्चिमेला असतो. यात अशक्य काहीच नाही.

याच विचाराने उणे एकचे वर्गमूळही विद्यार्थ्यांच्या आवाक्यात येते. त्रिकोणमिती आणि ‘दुहेरी बीजगणित’ या विषयांवरील १८४९ च्या पुस्तकात डी मॉर्गन यांनी ते सविस्तर मांडले. कल्पना त्यांच्याआधी इतरांनाही सुचली होती. त्यांनी तिला शिस्तशीर मांडणी दिली. एखाद्या संख्येला –१ ने गुणणे म्हणजे संख्यारेषेवर तिला अर्धे वर्तुळ, १८० अंशांत, फिरवणे : ३ चे –३ होतात. आता अशी क्रिया हवी, जी दोनदा केली की –१ चा गुणाकार होईल. दोनदा मिळून १८० अंश, म्हणजे एकदा ९० अंश. उणे एकचे वर्गमूळ म्हणजे काटकोनातून फिरवणे! संख्यारेषेवर त्याला जागा नाही, पण रेषा सोडून पानभर फिरायची मुभा दिली की त्याची जागा सापडते. ‘काल्पनिक’ या नावाने बिचकलेल्या विद्यार्थ्याला एवढे चित्र पुरेसे होते.

‘गणिती विगमन’ हे नाव कुठून आले?

डी मॉर्गन यांनी ‘पेनी सायक्लोपीडिया’ या स्वस्त विश्वकोशासाठी शेकडो नोंदी लिहिल्या. त्यातील १८३८ च्या एका नोंदीमुळे सिद्धतेच्या एका जुन्या पद्धतीला ‘गणिती विगमन’ हे नाव मिळाले आणि ते रूढ झाले.

ही पद्धत समजायला विषम संख्यांची बेरीज पाहा. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. प्रत्येक वेळी वर्गसंख्या येते. पण चार वेळा आले म्हणून नेहमीच येईल, असे म्हणता येत नाही. गणितात हजार उदाहरणेही सिद्धता होत नाहीत. म्हणून दोन पायऱ्या. पहिली : सुरुवातीला विधान खरे आहे, कारण १ हा १ चा वर्ग. दुसरी : पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क चा वर्ग आहे असे मानू. पुढची विषम संख्या २क + १. ती मिळवली की ‘क चा वर्ग + २क + १’ होते आणि तो क + १ चा वर्ग आहे. म्हणजे एका ठिकाणी खरे असेल तर पुढच्या ठिकाणी खरे असणारच. रांगेतला पहिला माणूस निरोप पुढे देतो, प्रत्येक जण शेजाऱ्याला देतो. मग निरोप कोणापर्यंत पोहोचला नाही, हा प्रश्न उरत नाही.

वर्गसंख्यांचा विषय निघालाच आहे तर डी मॉर्गन यांचे एक आवडते कोडेही सांगायला हवे. आपण क्ष या वर्षी नव्हे, तर ‘क्षच्या वर्गाच्या वर्षी’ क्ष वर्षांचे होतो, असे ते सांगत. उत्तर : १८४९ हा ४३ चा वर्ग आणि त्या वर्षी ते ४३ वर्षांचे झाले. असा योग सगळ्यांना येत नाही. १९८० मध्ये जन्मलेल्यांना तो २०२५ मध्ये आला, कारण २०२५ हा ४५ चा वर्ग.

डी मॉर्गनचे नियम सांगतात तरी काय?

१८४७ मध्ये डी मॉर्गन यांचा आकारिक तर्कशास्त्रावरील ग्रंथ आला. त्याच वर्षी जॉर्ज बूल यांचे तर्कशास्त्राचे गणिती विश्लेषण करणारे छोटे पुस्तकही प्रसिद्ध झाले. तोवर तर्कशास्त्र तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे मानले जाई. या दोघांनी ते गणिताच्या वर्गात आणले.

नियम असे. ‘अ आणि ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही किंवा ब नाही’. ‘अ किंवा ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’. नकार आत शिरताना ‘आणि’चा ‘किंवा’ होतो, ‘किंवा’चा ‘आणि’.

समजा, एखाद्या प्रवेशासाठी आधार कार्ड आणि रहिवासी दाखला दोन्ही हवेत. अर्ज कधी फेटाळला जाईल? दोन्ही नसतील तेव्हाच असे अनेक जण घाईत सांगतात. खरे उत्तर : दोहोंपैकी एक जरी नसेल तरी. उलट, आधार कार्ड किंवा पॅन कार्ड यांपैकी काहीही चालणार असेल, तर अर्ज फेटाळण्यासाठी दोन्ही नसायला हवीत.

बीजगणितातही विद्यार्थी इथेच घसरतात. ‘क्ष हा ० पेक्षा मोठा आणि १० पेक्षा लहान आहे’ या विधानाचा नकार काय? ‘क्ष हा ० पेक्षा मोठा नाही आणि १० पेक्षा लहान नाही’ असे लिहिले तर अशी एकही संख्या सापडणार नाही. योग्य नकार : क्ष हा ० किंवा त्याहून लहान आहे, किंवा १० किंवा त्याहून मोठा आहे. ‘वर्गातील सगळे पास झाले’ याचा नकारही ‘सगळे नापास झाले’ असा होत नाही. ‘किमान एक नापास झाला’ असा होतो. रोजच्या भांडणांतले आणि टीव्हीवरच्या चर्चांतले कितीतरी गोंधळ या एका ठिकाणी सुरू होतात.

हे नियम डी मॉर्गन यांच्या आधीही शब्दांत माहीत होते. चौदाव्या शतकातील विल्यम ऑफ ऑकम यांच्या लेखनात ते आढळतात. डी मॉर्गन यांनी त्यांना चिन्हांच्या भाषेत आणले. आज संगणकाच्या प्रोग्राममधील अटी सोप्या करताना आणि चिपवरील मंडलांची रचना करताना तेच वापरले जातात.

‘विश्वसंच’ ही कल्पनाही त्यांच्याकडे जाते. ‘शाकाहारी नसलेले’ म्हटले की त्यात कोण येते? बोलणे माणसांबद्दल असेल तर मांसाहारी माणसे. दगड, ढग आणि टेबले त्यात धरायची नसतात. नकाराला अर्थ येण्यासाठी आधी चर्चेचे क्षेत्र ठरवावे लागते. पाठ्यपुस्तकात संचांच्या वर्तुळांभोवती जो चौकोन काढतात, त्याच्यामागे हा विचार आहे.

‘बहुतेक’ या शब्दावरून अनुमान काढता येते?

जुन्या तर्कशास्त्रात ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ एवढेच शब्द चालत. डी मॉर्गन यांनी त्यात मोजणी आणली. वर्गात ४० मुले आहेत, २५ जण क्रिकेट खेळतात, २२ जण बुद्धिबळ. दोन्ही खेळणारे किमान किती? २५ + २२ – ४० = ७. कोण ते माहीत नाही, पण सात तरी असणारच. म्हणूनच ‘बहुतेक मुले क्रिकेट खेळतात’ आणि ‘बहुतेक मुले बुद्धिबळ खेळतात’ या दोन विधानांवरून ‘काही मुले दोन्ही खेळतात’ हे खात्रीने सांगता येते. बहुतेक म्हणजे अर्ध्याहून अधिक, एवढे मात्र ठरलेले हवे.

जुन्या चौकटीत न बसणारे आणखी एक उदाहरण त्यांनी दिले. माणूस हा प्राणी आहे. म्हणून माणसाचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. लहान मुलालाही हे पटते, पण ॲरिस्टॉटलच्या पारंपरिक सूत्रांतून ते सिद्ध होत नाही, कारण त्यात ‘अमक्याचे डोके’ हा संबंध आहे. या विचारातून पुढे त्यांनी संबंधांच्या तर्कशास्त्राचा पाया घातला.

हे सारे बिनविरोध झाले नाही. एडिनबराचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांनी त्यांच्यावर आपली कल्पना उचलल्याचा आरोप केला आणि जाहीर वाद जुंपला. त्या वादाने बूल यांचे लक्ष पुन्हा तर्कशास्त्राकडे वळले. एका भांडणातून आधुनिक तर्कशास्त्राला असा फायदा झाला.

दिल्लीच्या रामचंद्र यांच्याशी संबंध काय?

१८५० मध्ये दिल्ली कॉलेजातील शिक्षक रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांच्या उदाहरणांवर एक पुस्तक कलकत्त्याला स्वखर्चाने छापले. अशा उदाहरणांसाठी कलनशास्त्र वापरतात. रामचंद्र यांनी ते टाळून निव्वळ बीजगणित वापरले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’ची परंपरा असलेल्या देशातील विद्यार्थ्याला ही वाट जवळची वाटेल, असा त्यांचा विचार होता. भास्कराचार्य म्हणजे ज्यांच्या घराण्याची नोंद आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, तेच.

पद्धत अशी. १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार सर्वात मोठा येईल. एक भाग क्ष, दुसरा १० – क्ष, गुणाकार ग. हे वर्गसमीकरण सोडवले की क्ष = ५ ± (२५ – ग) चे वर्गमूळ. आता वर्गमूळाच्या आतली संख्या ऋण होऊन चालणार नाही. म्हणून ग जास्तीत जास्त २५ आणि दोन्ही भाग पाच-पाच. कलनशास्त्राचा एक शब्दही न वापरता उत्तर हाती येते.

कलकत्त्याहून ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी पाठवलेली प्रत डी मॉर्गन यांच्या हाती पडली. त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला आणि १८५९ मध्ये पुस्तक लंडनला पुन्हा छापवून घेतले, स्वतः दीर्घ प्रस्तावना लिहिली. भारतीयांनी केवळ युरोपीय पुस्तके घोकण्याऐवजी आपल्या बीजगणिताच्या परंपरेतून विचार करावा, असे त्यांनी त्यात मांडले. १८५७ नंतरच्या कडवट वातावरणात एका लंडनच्या प्राध्यापकाने दिल्लीच्या शिक्षकासाठी एवढे करणे सोपे नव्हते. डी मॉर्गन यांच्या स्वतःच्या बीजगणिताच्या पुस्तकाचा मराठी अनुवादही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत झाला होता. मराठीत गणिताची पुस्तके आणणारे जॉर्ज जर्व्हिस यांनी तो केला.

शिक्षक म्हणून ते कसे होते?

तासाला ते हाती कागद न घेता बोलत आणि शेवटी उदाहरणे देत. ती सोडवून आणायची, ते तपासून परत देत. निव्वळ परीक्षेसाठी केलेल्या तयारीचा त्यांना तिटकारा होता. आयझॅक टॉडहंटर हे त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या. अर्थशास्त्रज्ञ स्टॅनले जेव्हन्स हेही त्यांचेच. एडा लव्हलेस यांना त्यांनी १८४०-४१ च्या सुमारास पत्रांतून गणित शिकवले. एडा यांची क्षमता त्यांनी ओळखली होती. पण गणिताचा ताण स्त्रीच्या प्रकृतीला झेपेल का, अशी शंकाही त्यांनी एडाच्या आईकडे बोलून दाखवली. इतर बाबतींत काळाच्या पुढे असलेला हा माणूस इथे काळाच्या समजुतीतच अडकलेला दिसतो.

ऑक्टोबर १८५२ मध्ये फ्रेडरिक गथ्री या विद्यार्थ्याने आपल्या भावाला पडलेला प्रश्न त्यांना विचारला : शेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग द्यायचा असेल तर कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का? डी मॉर्गन यांना उत्तर येईना. त्यांनी त्याच दिवशी डब्लिनचे गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा जगापुढे गेला आणि १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने सुटला.

दुसरा राजीनामा आणि अखेर

१८६६ मध्ये महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी जेम्स मार्टिनो यांचे नाव पुढे आले. पात्रतेबद्दल शंका नव्हती. पण ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि एवढ्यावरून त्यांना नाकारण्यात आले. ज्या संस्थेत धर्म विचारला जात नाही म्हणून डी मॉर्गन तरुणपणी आले होते, तिथेच धर्म पाहून निवड होऊ लागली होती. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राध्यापकाने पुन्हा राजीनामा लिहिला. या वेळी परत येणे नव्हते.

त्याआधी एक वर्ष, जानेवारी १८६५ मध्ये, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीची पहिली सभा झाली होती. कल्पना त्यांचा मुलगा जॉर्ज आणि त्याचा मित्र आर्थर रेनयार्ड यांची. पहिले अध्यक्ष डी मॉर्गन. १८६७ मध्ये जॉर्जचे निधन झाले. १८७० मध्ये एक मुलगीही गेली. १८ मार्च १८७१ रोजी डी मॉर्गन यांनी जगाचा निरोप घेतला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांनी कधी मागितले नाही, एडिनबरा विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी नाकारली होती. मरणोत्तर, १८७२ मध्ये, वर्तुळाचा चौरस करू पाहणाऱ्या हौशी संशोधकांच्या गमतीदार समाचाराचे त्यांचे पुस्तक सोफिया यांनी प्रसिद्ध केले.

आजच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे मानाचे पदक आज त्यांच्या नावाने दिले जाते, सोसायटीच्या वास्तूलाही त्यांचेच नाव आहे. पण त्यांची खरी आठवण गृहपाठाच्या वहीत ठेवता येते. उत्तर उणे आले तर खोडण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. चार उदाहरणांत जमले म्हणून ‘सिद्ध झाले’ लिहू नये. ‘नाही’ हा शब्द लावण्याआधी तो कशाला लागतो, हे पाहावे. आणि बोलणे कशाबद्दल चालले आहे, ती चौकट आधी आखून घ्यावी.

डी मॉर्गन यांनी आयुष्यातही हाच हिशेब ठेवला. धर्माची अट नसणे आणि प्राध्यापकाला न्याय मिळणे, या दोन्ही गोष्टी असतील तर महाविद्यालय स्वतंत्र. १८३१ मध्ये दुसरी नव्हती, १८६६ मध्ये पहिली उरली नाही. त्यांच्याच नियमानुसार, ‘आणि’ने जोडलेले विधान मोडायला एक नकार पुरतो. दोन्ही वेळा त्यांना तो एकच पुरला.